डासाच्या पोटातले दहा दिवस

ऑगस्ट २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या सरकारने हिवताप (मलेरिया) रोखण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या डासांवरचा एक मोठा संशोधन प्रकल्प बंद करायला लावला आणि एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूला ‘डास पृथ्वीवरून पुसून टाका’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘निसर्गाच्या घडीत हात घालू नका’ म्हणणारे. पहिले मेलेल्या मुलांचे आकडे पुढे करतात, दुसरे अन्नसाखळीचे चित्र काढून दाखवतात. केलेला जनुकीय बदल जवळजवळ सगळ्या संततीत उतरवत पुढे नेणाऱ्या ज्या ‘जीन ड्राइव्ह’ तंत्रावरून एवढे रण माजले, त्या तंत्राचे डास तिथे सोडलेलेच नव्हते. जे सोडले त्यांच्यातला बदल पिढ्यान्‌पिढ्या फैलावत जाणारा नव्हता. पण हे विचारायला थांबले किती जण? वाद इतक्या उंच पट्टीत चालला होता की डास कोणता, त्यात बदल कसला आणि त्या बदलाने रोगाच्या परजीवीचे नेमके काय होणार, हे मुद्दे कुणाच्या कानावरच पडले नाहीत.

हा वाद दोन्ही बाजूंनी वाईट मांडला जातो, कारण दोघांचे एक गृहीतक सारखेच आहे. दोघांच्या लेखी डास म्हणजे उडती सुई: इथून रक्त ओढले, तिथे टोचले, रोग पसरला. मग सुया मोडून टाकाव्यात की राहू द्याव्यात, एवढाच प्रश्न उरतो. माझे म्हणणे वेगळे आहे. हिवताप म्हणजे एक परजीवी आणि डासांच्या काही मोजक्या जाती यांच्यातला अवघड, वैराचा, बहुतेक वेळा फसणारा व्यवहार. सार्वजनिक पैसा, कायदा आणि लोकांचा राग या व्यवहारावर रोखला गेला पाहिजे. डास मारल्याने तो मोडत असेल तिथे खुशाल मारावेत. मात्र मेलेले डास मोजून समाधान मानू नये.

सुईच्या कल्पनेने पूर्वीही मोठमोठ्यांना चकवले आहे. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात हत्तीरोगाचे जंत डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. केवढा मोठा शोध! पण डास आयुष्यात एकदाच रक्त पितो आणि नंतर पाण्यात मरून पडतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते पाणी पिऊनच माणसाला रोग होत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जंताचे वर्तन त्यांनी बारकाईने पाहिले होते, डासाचे पाहायचे राहिले. वीस वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना चार दिवसांपूर्वी हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीवर काळ्या रंगकणांच्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी फाडलेल्या डासात त्याच पेशी मोठ्या झालेल्या होत्या. मला या शोधाचा गाभा त्या दुसऱ्या दिवशी दिसतो. सुईत काही वाढत नसते. पुढच्या वर्षी कलकत्त्यात रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा जंतू क्युलेक्स डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचलेला पाहिला, आणि इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापासाठी ॲनाफिलीस कुळातल्या डासांवर बोट ठेवले.

त्या वाढण्याचा तपशील पाहिल्याशिवाय पुढचे म्हणणे पटणार नाही. रक्ताबरोबर परजीवीची नर-मादी रूपे, म्हणजे गॅमिटोसाइट, डासाच्या पोटात जातात. माणसाच्या उबदार अंगातून ती एकदम थंड जागी येतात, तिथे डासाच्याच शरीरातल्या झँथुरेनिक आम्लाशी गाठ पडते, आणि मग त्यांना ‘हीच ती जागा’ असा इशारा मिळतो. काही मिनिटांत नर पेशीतून शेपटीवाले आठ तंतू सुटतात, मीलन होते. त्यानंतर दिवसभर पाचकरसांत तगून राहायचे, पचणाऱ्या रक्ताभोवती डासाचे शरीर जो पडदा विणते तो भेदायचा, मग जठराची भिंत पार करायची. पलीकडे डासाची प्रतिकारयंत्रणा उभीच असते. टीईपी-१ नावाचे प्रथिन परजीवीला चिकटते आणि तो तिथेच फुटतो, किंवा काही डासांत काळ्या कवचात गाडला जातो. या सगळ्यातून वाचून जठराच्या बाहेरच्या बाजूला गाठ करून बसणारे जंतू निसर्गातल्या डासात सहसा हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच असतात. मग एकेका गाठीत हजारो स्पोरोझॉइट, म्हणजे माणसात शिरणारी परजीवीची रूपे, तयार होतात, गाठ फुटते, ते डासाच्या शरीरद्रवातून वाहत जातात, आणि त्यातले थोडे लाळग्रंथीत शिरतात. एवढे झाले तरच पुढचा चावा धोक्याचा.

एड्सचा विषाणू डासातून का पसरत नाही, हा प्रश्न लोक अजून विचारतात. उत्तर याच तपशिलात आहे. तो विषाणू डासाच्या पोटात पचून जातो. पिलेल्या रक्तातून लाळेपर्यंत पोहोचायची वाटच त्याला ठाऊक नाही. डास सुई असता तर एड्सची साथ डासांबरोबर गावोगाव गेली असती.

आता वेळ पाहा. डासाच्या पोटातला हा प्रवास पुरा व्हायला उबेच्या दिवसांत साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. थंडीत त्याहून जास्त, आणि तापमान फारच उतरले तर तो पुरा होतच नाही. डासाचे आयुष्य मात्र इतके भरवशाचे नसते. जॉर्ज मॅक्डोनल्ड यांनी १९५० च्या दशकात याचे गणित मांडले आणि हिवताप-निर्मूलनाचा सगळा विचार त्यावर उभा राहिला. रोज शंभरातले ९० डास जगत असतील, तर दहा दिवसांनी सुमारे ३५ उरतात. रोज ८० जगत असतील तर सुमारे ११. रोज ७० जगत असतील तर जेमतेम ३. म्हणजे रोजच्या जगण्यात थोडी घट केली की धोकादायक वयाला पोहोचणाऱ्या डासांत प्रचंड घट होते. उलट आज अर्धे डास मारले आणि उरलेल्यांना निवांत म्हातारे होऊ दिले, तर धोका फार तर निम्म्याने कमी होतो, तोही पुढची पिढी येईपर्यंत. माणसाला हिवताप देतो तो म्हातारा डास. तरुण डास फक्त चावतो.

ही एवढी बाब ध्यानात घेतली तरी कितीतरी सरकारी कार्यक्रमांचा हिशेब बदलतो. साथ आली की गल्लीतून धूर सोडत गाडी फिरते. लोकांना बरे वाटते, नेत्यांना फोटो मिळतो. पण हिवतापाचे डास रात्री चावतात, आणि कित्येक जाती रक्त पिऊन झाल्यावर घरातल्याच भिंतीवर विसावतात. तास-दोन तास हवेत राहणारा धूर त्यांच्या रोजच्या मरणाचे प्रमाण बदलत नाही. भिंतीवर महिनोन्‌महिने टिकणारे औषध आणि औषधभारित मच्छरदाणी ते बदलते, कारण डासाला दर दोन-तीन दिवसांनी रक्तासाठी त्याच धोक्यात यावे लागते. तरीही ‘किती फवारणी केली’ हा आकडा अहवालात येतो आणि ‘डास किती दिवस जगतात’ हा येत नाही, असे का? पहिला मोजायला सोपा, आणि आपल्या डोक्यातून सुई अजून गेलेली नाही, म्हणून.

सुया मोडण्याचा एक भव्य प्रयोग इतिहासात झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९५० या काळात, इटलीच्या सार्डिनिया बेटावर रॉकफेलर फाउंडेशनच्या पाठबळाने एक मोहीम निघाली. बेटावरचा ॲनाफिलीस लॅब्रांकिए हा स्थानिक डास समूळ नष्ट करायचा, शेवटचा डास मरेपर्यंत थांबायचे नाही. हजारो माणसे घराघरांतून, गोठ्यांतून, दलदलीतून डीडीटी फवारत फिरली. हेतू होता तो डास संपवण्याचा, आणि त्यात मोहीम सपशेल हरली, कारण शेवटी शोधणाऱ्यांना डास सापडतच राहिले. पण हिवताप? १९४६ मध्ये सुमारे ७५ हजार रुग्ण, १९५१ मध्ये फक्त ९. डास राहिला आणि रोग गेला. परजीवीला प्रवास पुरा करू देईल एवढे म्हातारपण डासांना मिळेना आणि साखळी तुटली. आजही सार्डिनियात तो डास आहे. दक्षिण युरोपात, अमेरिकेत कितीतरी ठिकाणी ॲनाफिलीस आहेत, स्थानिक हिवताप नाही. या उदाहरणाकडे दोन्ही बाजूंचे वादपटू पाठ का फिरवतात, याचे मला नेहमी नवल वाटते. दोघांनाही ते गैरसोयीचे आहे, हे त्याचे कारण असावे.

याच्याही आधी युरोपातल्या डॉक्टरांना एका कोड्याने छळले होते. काही भागांत ॲनाफिलीस मॅक्युलिपेनिस भरपूर, पण हिवतापाचा पत्ता नाही. काही भागांत तोच डास आणि घराघरांत ताप. १९२६ मध्ये फॅलेरोनी या आरोग्य-निरीक्षकांनी या डासाची अंडी नीट पाहिली आणि त्यांच्यावरच्या नक्षीचे वेगवेगळे प्रकार त्यांना आढळले. पुढच्या दशकात उलगडा झाला: एकसारखे दिसणारे हे डास एका जातीचे नव्हते. काही जाती गुरांच्या रक्तावर राहणाऱ्या होत्या, काही माणसाच्या मागे लागणाऱ्या. भारतातल्या ॲनाफिलीस क्युलिसिफेसीसबाबतही असेच निघाले. दिसायला एक, प्रत्यक्षात पाच भावंड-जाती, आणि त्यातली एक हिवताप पसरवण्यात अगदी कच्ची. जगात डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत, ॲनाफिलीसच्या साडेचारशेहून जास्त, आणि माणसाच्या हिवतापात महत्त्वाचा वाटा असलेल्या तीस-चाळीस. ‘डास संपवा’ म्हणणाऱ्याला विचारावे, यातला कोणता? आणि ‘डास वाचवा’ म्हणणाऱ्यालाही तेच विचारावे.

आता विरोधातले म्हणणे. ते कच्चे नाही आणि कच्चे करून मांडण्यात अर्थही नाही. पहिला मुद्दा सरळ आहे: मुले आज मरत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये हिवतापाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले, बहुतेक आफ्रिकेत, आणि तिथे मेलेल्यांत सर्वाधिक पाच वर्षांखालची बालके. अशा वेळी परजीवी आणि डास यांच्या नात्यातल्या खाचाखोचा सांगत बसणे ही पोटभरल्यांची चैन नाही का? शिवाय डास मारून फायदा झाला आहे. सन २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत टळलेल्या सुमारे ६६ कोटी हिवताप-प्रसंगांपैकी ६८ टक्के एकट्या औषधभारित मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अभ्यास आहे. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून येऊन पसरलेला ॲनाफिलीस फ्रेड सोपर यांच्या तुकड्यांनी १९४० पर्यंत अक्षरशः हुडकून संपवला. झांझिबारच्या उंगुजा बेटावरून नापीक नर सोडून निद्रारोग पसरवणारी त्से-त्से माशी १९९७ मध्ये नाहीशी झाली. निर्मूलन अशक्य आहे असे म्हणणाऱ्याला ही उदाहरणे गिळावीच लागतात.

दुसरा मुद्दा अधिक टोकदार आहे. नाते तोडायचे म्हणता, पण नात्यातला एक पक्ष अतिशय चपळ आहे. परजीवी बदलतो. डासाच्या प्रतिकारयंत्रणेला चकवायला फॅल्सिपेरम या हिवतापाच्या सर्वात घातक परजीवीजवळ पीएफएस-४७ हे प्रथिन आहे आणि वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या ॲनाफिलीसना जुळतील अशी त्याची वेगवेगळी रूपे घडलेली आहेत. म्हणजे कुलूप बदलले की किल्ली बदलते. उद्या परजीवीला अडवणारा डास तयार केला, तर परवा त्याला चकवणारा परजीवी येणार नाही कशावरून? त्यापेक्षा डासच नसलेला बरा.

आधी मच्छरदाणीचा मुद्दा घेऊ. तिचे यश मला पूर्ण मान्य आहे, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. मच्छरदाणीने आफ्रिकेतले डास संपले नाहीत. तिने माणूस आणि डास यांची गाठ कमी केली, डासांचे आयुष्य तोडले, आणि परजीवीच्या दहा दिवसांचे गणित बिघडवले. सोपर यांचे यशही नीट वाचावे. तो डास तिथे उपरा होता, १९३० मध्ये आलेला, मर्यादित टापूत, डबक्यांतून आणि घरांतून राहणारा. त्याच सोपर यांच्या पद्धतीने अमेरिका खंडातल्या १८ देशांतून १९६२ पर्यंत डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास संपल्याचे जाहीर झाले होते, आणि आज तो त्या खंडभर परत आहे. बेट आणि उपरा डास यांच्याबाबत जमलेली गोष्ट आफ्रिका खंडाच्या स्वतःच्या डासांबाबत जमेल, हे गृहीत कशाच्या जोरावर धरायचे?

मारण्यालाच ध्येय मानले की आणखी एक किंमत मोजावी लागते. कीटकनाशकाने तरुण डास मारला, तर अंडी घालण्याआधी तो मरतो. जो चुकून वाचतो त्याचीच प्रजा वाढते. औषधाला दाद न देणारा डास आपण स्वतः निवडून पोसतो. डीडीटीच्या बाबतीत हे झाले, मच्छरदाण्यांना लावल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांच्या बाबतीत आज आफ्रिकाभर होते आहे. २००९ मध्ये रीड, लिंच आणि थॉमस या तिघांनी एक सुंदर युक्तिवाद मांडला: डासाला तरुणपणी मारूच नका. अंडी घालून झालेला, पण परजीवी अजून पिकलेला नाही असा डास मारणारे संथ औषध किंवा बुरशी वापरा. परजीवीचा रस्ता बंद होईल, आणि डासाच्या वंशाला प्रतिकार कमावण्याचे कारणच उरणार नाही. याहून पुढचे पाऊल २०१९ मध्ये पडले. ॲटोव्हाक्वोन हे हिवतापाचे औषध लावलेल्या पृष्ठभागावर डास काही मिनिटे बसला, तरी पायांवाटे औषध आत जाते, डास जगतो आणि त्याच्या आतला परजीवी मरतो. २०२५ मध्ये हेच काम दुसऱ्या संयुगांनी, कीटकनाशकाला न जुमानणाऱ्या डासांतही साधले. मच्छरदाणीला असे औषध लावले तर डासाला बदलण्याची गरज पडत नाही, कारण त्याचे काही बिघडतच नाही.

पण परजीवी बदलेल, त्याचे काय? इथे दुसऱ्या मुद्द्याला उत्तर द्यायची वेळ येते, आणि ते उत्तर संख्येत आहे. आजारी माणसाच्या रक्तात परजीवी अब्जावधींनी असतात. औषधाला चकवणारा एखादा अपघाती बदल तिथे कुठे ना कुठे घडणारच. डासाच्या जठराच्या भिंतीशी मात्र त्याच परजीवीचे दोन-चार गडी उरलेले असतात. शत्रूला मैदानात गाठावे की खिंडीत? बदल घडायला संख्या लागते, आणि परजीवीच्या सबंध आयुष्यात संख्या सगळ्यात कमी असते ती याच खिंडीत. इतकेच नाही, माणसाच्या शरीरात ॲटोव्हाक्वोनला चकवणारे जे परजीवी तयार होतात, त्यातल्या तपासलेल्या प्रकारांना डासाच्या शरीरातला प्रवास पुरा करता येत नाही, असे २०१६ मध्ये दिसून आले. औषधातून सुटण्यासाठी केलेला बदल डासात जड जातो. दोन घरी राहणाऱ्याची ही अडचण परजीवीला आहेच, आणि आपण तिचा पुरता उपयोग अजून केलेला नाही. पीएफएस-४७ चे उदाहरण खरेच आहे, पण ते हजारो वर्षांत, एकेका अडथळ्यापुढे घडले आहे. दोन-तीन वेगवेगळे अडथळे एकाच वेळी उभे करण्याचा शहाणपणा आपण माणसांच्या औषधांत शिकलो आहोतच.

‘नात्याच्या खाचाखोचा ही चैन’ या आक्षेपाला काळ्या आजाराची हकीकत पुरे. या रोगाचा लिशमानिया परजीवी वाळूमाशीत वाढतो हे १९२४ मध्येच दिसले होते. पण माशी चावून रोग दिल्याचा खात्रीचा पुरावा मिळेना. वर्षामागून वर्षे गेली, संशयित समोर आणि गुन्हा सिद्ध होईना. कारण? प्रयोगशाळेत माशीला रक्तामागून रक्त पाजले जात होते. स्मिथ, हलदर आणि अहमद यांनी एकदा रक्त पाजल्यावर तिला किसमिस खायला दिले, आणि तिच्या पोटात परजीवी असे माजले की घसाच बुजला. निसर्गात माशी झाडांतली साखर खाते, हे कुणी ध्यानातच घेतले नव्हते. त्यानंतर १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात स्वयंसेवकांवर प्रयोग करून माशीचा चावा आणि रोग यांची साखळी जोडली. माशीकडे फक्त रक्त पिणारे यंत्र म्हणून पाहिल्यामुळे अठरा वर्षे गेली. ही चैन आहे, तर मग गरज कशाला म्हणायचे?

आणि तो बुजलेला घसा हा काही अपघात नाही. लिशमानिया माशीच्या पोटात एक चिकट जेल सोडतो, तिच्या अन्ननलिकेची झडप तुंबते, तिला पोटभर रक्त मिळत नाही, ती पुन्हापुन्हा चावते, आणि दर वेळी जेलसकट परजीवी बाहेर ओकते. प्लेगचा जंतूही पिसवेच्या घशाशी थर रचून तिला उपाशी ठेवतो. १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी ते पाहिले होते. टांझानियात पकडलेल्या डासांत, ज्यांच्या लाळेत हिवतापाचे परजीवी तयार होते त्यांच्यापैकी २२ टक्क्यांनी एकाहून जास्त माणसांना चावे घेतले होते, बाकीच्यांत हे प्रमाण १० टक्के होते. आता हे वाचून काही जण थेट ‘परजीवी डासाच्या मेंदूचा ताबा घेतो’ अशा भयकथेवर उडी मारतात. इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांना आवरेन. २०१३ मधल्या एका प्रयोगात डासांना मेलेले साधे जिवाणू टोचले, तरी त्यांच्या भुकेत आणि वासाच्या जाणिवेत तशाच प्रकारचे बदल दिसले. म्हणजे यातला काही भाग परजीवीचे कपट नसून डासाच्या स्वतःच्या आजारपणाची प्रतिक्रिया असू शकते. परजीवीने मुद्दाम केले की आपोआप झाले, यावर वैज्ञानिक भांडोत. आरोग्यखात्याला त्यातून एवढेच उचलायचे आहे की निरोगी डासावर घेतलेली चाचणी रोगी डासाला लागू पडेलच असे नाही. मच्छरदाणीची, औषधाची, सापळ्याची परीक्षा बहुतांशी प्रयोगशाळेतल्या निरोगी, तरुण डासांवर होते. ज्याला अडवायचे, त्याचीच परीक्षा नाही.

निसर्गवाद्यांकडेही वळले पाहिजे. त्यांचा सर्वात भक्कम मुद्दा अन्नसाखळीचा नाही, तरी ते तोच पुढे करतात. आफ्रिकेत हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलीस गॅम्बिए या प्रमुख डासावाचून उपाशी मरेल असा एकही प्राणी आजवरच्या अभ्यासांतून पुढे आलेला नाही. वटवाघळे, कोळी, मासे जे मिळेल ते खातात. आणि एका जातीला हात लावणे ज्यांना अघोर वाटते, त्यांनी शंभर जाती एकदम मारणाऱ्या फवारणीवर तेवढाच आवाज केला आहे का? त्यांचा खरा भक्कम मुद्दा दुसरा आहे: जीन ड्राइव्ह एकदा सुटला की परत बोलावता येत नाही, आणि डासाला देशाची सीमा ठाऊक नसते. एका गावाने, एका सरकारने दिलेली संमती शेजाऱ्याला कशी बांधील? हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. पण तो मांडायचा तर तंत्रांत फरक करावा लागतो, आणि ते होत नाही. २०१८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये डासाचे लिंग घडवणाऱ्या ‘डबलसेक्स’ जनुकावरच्या ड्राइव्हने पिंजऱ्यातली डासांची वस्ती सात ते अकरा पिढ्यांत संपली. ते डास संपवणारे तंत्र. दुसरीकडे डास तसाच ठेवून त्याला परजीवीच्या वाढीला नालायक करणारे जनुकीय बदलही तयार होत आहेत. दोन्हींत परत न येण्याचा धोका आहे, पण पहिल्यात एक जात पणाला लागते, दुसऱ्यात फक्त तिचे एका परजीवीशी असलेले नाते. माझ्या मते क्रम उघड आहे: आधी मागे घेता येणारे उपाय, मग नाते बदलणारे, आणि जात संपवणारे सर्वांत शेवटी, तेही बाकीचे फसल्याचे दाखवल्यावर. ‘हो’ किंवा ‘नाही’ असा एकच ठोकळा मतदानाला ठेवणाऱ्या वादाला असा क्रम सुचूच शकत नाही.

नात्याचे दुसरे टोक माणूस आहे, हेही डासाच्या रागात विसरले जाते. डास जन्मतः हिवतापाचा परजीवी घेऊन येत नाही, तो त्याला आपणच देतो. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे रुग्ण २०१८ मध्ये वर्षाला एक हजाराच्या खाली आले, ते मुख्यतः गावोगाव रुग्ण शोधून बरे केल्यामुळे. त्से-त्से माशी खंडाच्या मोठ्या भागात अजून आहेच. हिवतापात तापाशिवाय परजीवी बाळगून हिंडणारी माणसे पुढच्या हंगामाचा साठा असतात. त्यांना शोधणे हे डासांच्या मागे धावण्यापेक्षा कंटाळवाणे काम, म्हणून त्याला निधीही कंटाळत मिळतो.

यशाची मोजपट्टी बदलली नाही तर काय होते, याचे उदाहरण डेंगीतून घेतो. डेंगीचा विषाणू काटेकोर अर्थाने परजीवी नसला, तरी डासाशी असलेला त्याचा व्यवहार याच जातीचा आहे. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात एडिस इजिप्ती डासांमध्ये वोल्बाकिया हा जिवाणू घालून ते डास मुद्दाम सोडण्यात आले. हा जिवाणू असलेल्या डासात डेंगीचा विषाणू नीट वाढू शकत नाही. शहराचे २४ भाग करून निम्म्या भागांत हे केले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या भागांत डेंगी ७७ टक्क्यांनी कमी, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी. डास होते तिथेच राहिले, चावतही राहिले. डासांची संख्या मोजून यश ठरवणाऱ्या खात्याच्या वहीत या शहराची नोंद ‘अपयशी’ अशीच झाली असती.